कार्पेटसाहेबांची रायफल

लंडनमध्ये रिग्बी नावाची बंदुका बनवणारी एक जुनी कंपनी आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपणच बनवलेली एक रायफल या कंपनीने २०१५ साली पुन्हा आपल्या ताब्यात घेतली. दिसायला ती अगदी साधी आहे. तिच्यावर राजेरजवाड्यांच्या बंदुकांसारखे नक्षीकाम नाही की सोन्याची वेलबुट्टी नाही. फक्त लाकडी दस्त्यावर चांदीची एक लहानशी पट्टी बसवलेली आहे. १९०७ साली चंपावत येथे नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ही रायफल मिस्टर जे. जी. कॉर्बेट यांना भेट दिली, अशा अर्थाचा मजकूर तीवर कोरलेला आहे.

हे जे. जी. कॉर्बेट म्हणजेच एडवर्ड जेम्स कॉर्बेट, आपल्या सर्वांच्या परिचयाचे जिम कॉर्बेट. पट्टीवर त्यांच्या नावातले एक आद्याक्षरही चुकलेले आहे! पण ज्या डोंगरात ते आयुष्यभर वावरले, तेथील लोकांनीही त्यांचे नाव कधी नीट उच्चारले नाही. कुमाऊँच्या शेतकऱ्यांच्या तोंडी ते कार्पेटसाहेब होते. मला वाटते, लाटसाहेबांनी दिलेल्या चांदीच्या पट्टीपेक्षा लोकांनी दिलेले हे चुकीचे नावच अधिक मोलाचे आहे.

यंदाच्या अंकासाठी मी कॉर्बेट यांच्यावर लिहिणार असे समजल्यावर माझ्या एका वर्गमित्राने मला सरळ विचारले, एका गोऱ्या शिकाऱ्याचे गोडवे आपण कशाला गायचे? ज्यांनी आपल्या लोकांच्या हातातली शस्त्रे काढून घेतली, त्यांच्यातलाच हा एक. प्रश्न झोंबणारा होता आणि खोटाही नव्हता. म्हणून हे चरित्र लिहिताना तो मी बाजूला सारलेला नाही.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तेथील पोस्टमास्तर. घरात मुलांची रांग मोठी. जिम सहा वर्षांचाही झाला नव्हता तोच, १८८१ साली वडील वारले आणि आई मेरी हिच्यावर सारा संसार येऊन पडला. उन्हाळ्यात नैनितालचे घर आणि हिवाळ्यात पायथ्याचे कालाढुंगी, अशा दोन ठिकाणी हे कुटुंब राही. साहेबांच्या जगात ही माणसे वरच्या पायरीवरची नव्हती. हिंदुस्थानातच जन्मलेले, पगारावर जगणारे आणि विलायतेत ज्यांचे घर नाही असे हे गोरे. खऱ्या साहेबांच्या पंक्तीत त्यांना मागचेच पान मिळे.

कालाढुंगीचे जंगल हीच जिमची पहिली शाळा. प्रथम हातात गलोल आली. मग एक जुनी ठासणीची दुनळी मिळाली. तिची एक नळी फुटलेली होती आणि दस्ता व नळ्या पितळी तारेने आवळून बांधलेल्या होत्या. पुढे शाळेच्या कॅडेट पथकातून .४५० ची मार्टिनी रायफल हाताळायला मिळाली, आणि वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास त्याने तिने एक बिबट्या टिपला. ज्याच्याजवळ एकच बार आहे आणि दारूगोळा मोजून मिळतो, त्याला नेम चुकवणे परवडत नाही. पक्ष्यांच्या नि माकडांच्या ओरडण्यावरून वाघ कोठे आहे हे ओळखणे, मातीतल्या पावलांवरून जनावराचे वय नि चाल सांगणे, या विद्या त्याने याच वयात आत्मसात केल्या. पुढच्या आयुष्यात त्याला बंदुकीपेक्षा याच विद्येने अधिक वेळा तारले.

कॉलेजात जाण्याची ऐपत नव्हती. अठराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी बेंगॉल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत नोकरी धरली. काम होते इंजिनांच्या जळणासाठी जंगल तोडून घेण्याचे. जंगलावर ज्याचा जीव त्याच्याच वाट्याला कुऱ्हाड यावी, हा दैवदुर्विलासच म्हणायचा! पुढे बिहारात गंगाकाठी मोकामाघाट येथे त्यांनी मालाच्या चढउताराचे कंत्राट घेतले. गंगेच्या एका तीरावर मोठ्या रुळांची गाडी आणि दुसऱ्या तीरावर लहान रुळांची. सारा माल माणसांच्या डोक्यावरून आणि पाठीवरून इकडचा तिकडे जायचा. या हमालीच्या जगात कॉर्बेट यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काढला. वाघांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेला हा माणूस पोटापाण्यासाठी मजुरांचा मुकादम होता, हे आपण विसरतो. नरभक्षकांच्या मागे ते जात ते रजा काढून.

मोकामाघाटच्या दोन हकिकती मला त्यांच्या कोणत्याही शिकारकथेपेक्षा अधिक आवडतात. कोळसा वाहणाऱ्या टोळीवर त्यांनी चमारी नावाच्या माणसाला नेमले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतला हा अशक्त, गरीब माणूस. पण त्याच्या हाताखालच्या टोळीने कधी कामात कुचराई केली नाही आणि त्याच्या झोपडीतून कोणी भुकेला परत गेला नाही. पटकीच्या साथीत तो गेला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला मोठा जनसमुदाय लोटला, त्यात वरच्या जातीचेही लोक होते. १९५२ साली लिहिलेल्या ‘माय इंडिया’ या पुस्तकात कॉर्बेट यांनी चमारीला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. किती लेफ्टनंट गव्हर्नरांना त्यांनी असे प्रकरण दिले? एकालाही नाही.

दुसरी हकिकत शाळेची. स्टेशनमास्तर रामशरण यांच्यासह कॉर्बेट यांनी कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढली. पहिली अडचण अर्थातच जातीची. वरच्या जातीची मुले खालच्या जातीच्या मुलांबरोबर एका इमारतीत बसायला तयार होईनात. तेव्हा रामशरण यांनी तोड काढली. इमारतीच्या भिंतीच काढून टाकल्या! वर नुसते छप्पर राहिले. भिंती नाहीत म्हणजे इमारत नाही, आणि इमारत नाही म्हणजे विटाळही नाही. वीस मुलांनी सुरू झालेल्या त्या शाळेत पुढे दोनशे मुले शिकू लागली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, म्हणून असेल कदाचित, पण हा प्रसंग वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. भिंती पाडल्यावर शाळा मोडत नाही, उलट ती सुरू होते, हे एका स्टेशनमास्तराला त्या काळी सुचले होते.

आता चंपावतच्या वाघिणीकडे येऊ. या वाघिणीने आधी नेपाळात २०० माणसे मारली होती. तेथून हुसकावल्यावर ती कुमाऊँत आली आणि १९०७ पर्यंत तिच्या बळींचा एकूण आकडा ४३६ झाला. सरकारने बक्षिसे लावली, शिकारी पाठवले, पण उपयोग झाला नाही. कॉर्बेट यांना विचारणा झाली तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. लावलेली सर्व बक्षिसे रद्द करावीत आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे. पैशासाठी मारणारा म्हणून आपली गणना होऊ नये, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी गोळीने आपण मरू नये, ही दोन साधी कारणे.

ते पाली गावात पोहोचले तेव्हा लोक पाच दिवस दारे लावून घरात बसले होते. पुढे चंपावतजवळ वाघिणीने एक तरुण मुलगी नेली. तिच्या रक्ताच्या मागावर कॉर्बेट गेले आणि दुसऱ्या दिवशी तहसीलदाराने २९८ माणसे जमवून हाका घातला. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नव्हती, युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. म्हणजे वाघीण दाराशी आली तरी शेतकऱ्याच्या हाती काठी आणि कोयता. त्या दिवशी तहसीलदाराने जाहीर केले की बिनपरवान्याच्या बंदुका आपण पाहिल्या न पाहिल्यासारखे करू, उलट दारूगोळाही देऊ. आणि काय आश्चर्य! घराघरांत दडवलेल्या इतक्या जुन्यापुराण्या बंदुका बाहेर आल्या की त्यांचे एक संग्रहालय भरले असते. माझ्या मित्राच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. तो म्हणतो ते खरेच आहे. त्या डोंगरातली माणसे नि:शस्त्र होती ती आपोआप नव्हे, कायद्याने.

हाक्यात वाघीण बाहेर पडली. कॉर्बेट यांच्याजवळ .५०० ची रायफल होती आणि काडतुसे अवघी तीन. ती संपली तरी जखमी वाघीण उभीच. तेव्हा धावत जाऊन त्यांनी तहसीलदाराची जुनी बंदूक घेतली आणि अखेरचा बार तिने टाकला. मग त्यांनी वाघिणीचा जबडा उघडून पाहिला. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. कोणा शिकाऱ्याची जुनी गोळी तेथे लागली होती. सुळे गेल्याने तिला तिची नेहमीची शिकार साधेना, म्हणून ती माणसाकडे वळली.

वाचकहो, या एका गोष्टीवर क्षणभर थांबा. कोणी एक बंदूकवाला रानात येतो, वाघिणीवर बार टाकतो, तिला नीट मारत नाही, तिचा मागही काढत नाही, आणि घरी जातो. त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्या एका चुकार गोळीची किंमत ४३६ माणसांनी दिली. नरभक्षक हा जन्मत: क्रूर नसतो, जखम, म्हातारपण किंवा साळूचे अंगात रुतलेले काटे त्याला तसे करतात, हे कॉर्बेट यांनी पुढे जन्मभर सांगितले. त्याचा पहिला मोठा पुरावा त्यांना चंपावतलाच मिळाला.

परतीच्या वाटेवर ते एका घरी थांबले. तेथली एक बाई आपल्या बहिणीला वाघिणीने नेताना पाहून मुकी झाली होती. कॉर्बेट यांनी तिच्यापुढे वाघिणीचे कातडे पसरले आणि त्या बाईला पुन्हा वाचा फुटली. पुढे नैनितालच्या दरबारात ह्युएटसाहेबांनी तहसीलदाराला एक बंदूक आणि बरोबरच्या गावकऱ्याला शिकारीचा सुरा दिला. कॉर्बेट यांनी आपल्या पुस्तकात या दोन बक्षिसांचा उल्लेख केला आहे. स्वत:ला मिळालेल्या रायफलीबद्दल तेथे ते काहीच बोलत नाहीत.

त्या रायफलीबद्दल मात्र थोडे सांगायला हवे, कारण तिचे काडतूस जगप्रसिद्ध आहे. रिग्बी त्याला .२७५ म्हणत असले तरी त्याचा जन्म जर्मनीतला, माउझरच्या कारखान्यातला, १८९२ च्या सुमाराचा. गोळी ७ मिलिमीटरची आणि पितळी पुंगळी ५७ मिलिमीटर लांब. १८९३ मध्ये स्पेनच्या सैन्याने ते स्वीकारले. १८९९ ते १९०२ या बोअर युद्धात ते बोअर शेतकऱ्यांच्या हाती होते आणि त्याने ब्रिटिश फौजेला बेजार केले. जानेवारी १९०० मधील स्पिऑन कॉपच्या लढाईतील जखमींना डोल्यांतून वाहून नेणाऱ्यांत गांधीजींचे हिंदी शुश्रूषा पथक होते, त्या जखमींपैकी कित्येकांच्या अंगात हीच गोळी शिरली असेल. शत्रूच्या हातचे हे काडतूस इंग्रजांना इतके पसंत पडले की लंडनचे रिग्बी ते आपल्या नावाने विकू लागले.

त्याचे वैशिष्ट्य काय? त्यापूर्वी मोठ्या जनावराला मोठी गोळी, असा हिशेब होता. बंदुका जड, धूर फार आणि खांद्याला बसणारा धक्का जबरदस्त. माउझरच्या काडतुसात बिनधुराची दारू होती. गोळी बारीक, लांबट आणि वेगवान. मूळ गोळी १७३ ग्रेनची, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम. रिग्बींनी टोकदार १४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम ९ ग्रॅमची केली. वजन कमी, म्हणून धक्का कमी. धक्का कमी, म्हणून नेम ढळत नाही. आणि लांबट गोळी वाकडीतिकडी न जाता खोल शिरते. अर्थात ही गोळी आपल्या आकाराने कोणाला लोळवत नाही. ती नेमकी हृदयाला, मणक्याला किंवा मेंदूला लागली पाहिजे. कोठे मारायचे हे ज्याला कळते त्याच्यासाठीच ती आहे. एरवी वाघासाठी कॉर्बेट बहुधा .४५०/४०० ची जड दुनळी वापरीत. तिची गोळी ४०० ग्रेनची, म्हणजे जवळजवळ तिप्पट.

याच ७ मिलिमीटरच्या काडतुसाने आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हस्तिदंतासाठी शेकडो हत्ती मारले. सगळ्या बंदुका मिळून त्याने मारलेल्या हत्तींची संख्या हजारावर जाते. काडतूस तेच, नेमही तितकाच अचूक. पण एकाने ते व्यापारासाठी झाडले आणि दुसऱ्याने मुख्यत: गावचा रस्ता मोकळा करण्यासाठी. हत्याराला स्वत:चे पाप-पुण्य नसते, ते धरणाऱ्याचे असते, हे आपण भाषणांतून ऐकतो. येथे ते आकड्यांत दिसते.

मधल्या काळात पहिले महायुद्ध झाले. १९१७ मध्ये कॉर्बेट कुमाऊँतील ५०० माणसांची तुकडी घेऊन फ्रान्सला गेले आणि एकच माणूस गमावून बाकीच्यांना घरी घेऊन आले. तिकडे १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्या महाराष्ट्रातही तिने घरेच्या घरे ओस पाडली. गढवालच्या डोंगरात मेलेल्यांना दहन करायला माणसे उरली नाहीत. तोंडात जळता निखारा ठेवून प्रेते कड्यावरून दरीत ढकलली जाऊ लागली. बिबट्याला आयते मांस मिळाले. साथ ओसरली, प्रेते संपली, पण चटक राहिली. ९ जून १९१८ रोजी रुद्रप्रयागच्या बिबट्याने पहिला माणूस मारला आणि पुढची आठ वर्षे केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर त्याचे राज्य चालले. सरकारी नोंदीप्रमाणे १२५ बळी. संध्याकाळ झाली की त्या साऱ्या मुलखात दारांना अडसर पडत.

कॉर्बेट यांनी या बिबट्यासाठी पन्नाशीत जे सोसले त्याला शिकार म्हणावे की तपश्चर्या, मला कळत नाही. अलकनंदेवरच्या पुलाच्या मनोऱ्यावर त्यांनी सुमारे वीस रात्री बोचऱ्या वाऱ्यात काढल्या. विष घातले, सापळे लावले, गुहेत कोंडले, तरी बिबट्या सुटला. ते एकदा थकून परत गेले आणि पुन्हा आले. अखेर गोलाबराई येथे यात्रेकरूंच्या वाटेवरील एका आंब्याच्या झाडावर ते रात्रीमागून रात्री बसले. खाली गळ्यात घंटा बांधलेली बकरी. मे १९२६ च्या आरंभीच्या एका काळोख्या रात्री घंटा वाजली. रायफलीला लावलेल्या बॅटरीचा मंद झोत क्षणभर पडला, .२७५ चा एकच बार झाला आणि बॅटरी विझली. गोळी लागली की नाही हे कळायला त्यांना पहाटेपर्यंत झाडावर बसून राहावे लागले. सकाळी पाहतात तो बकरी सुखरूप आणि काही अंतरावर एक म्हातारा, झिजल्या दातांचा बिबट्या मरून पडलेला. लोक ज्याला पिशाच्च समजत होते ते हेच. त्याने माणसाचा कायदा मोडला होता, निसर्गाचा नव्हे, असेच त्याच्याकडे पाहताना कॉर्बेट यांच्या मनात आले.

त्यानंतर चार वर्षांनी, ११ एप्रिल १९३० रोजी चौगढच्या वाघिणीने त्यांना गाठले. तिच्या नावावर ६४ माणसे होती. त्या दिवशी कॉर्बेट यांना वाटेत रातव्याची दोन अंडी सापडली. पक्ष्यांच्या अंड्यांचा त्यांना नाद होता. अंडी डाव्या हातात जपून धरून ते ओढ्याच्या पात्रातून निघाले. एका मोठ्या खडकाला वळसा घातला आणि मान वळवून पाहिले तर अवघ्या आठ फुटांवर वाघीण झेप घेण्याच्या पवित्र्यात! ते हालले असते तर ती झेपावली असती. हातात हलकी रायफल होती. तिची नळी उजव्या हाताने, एकट्या हाताने, तिच्या डोळ्यांत डोळे घालून त्यांनी हळूहळू, अगदी हळूहळू वळवली आणि चाप ओढला. जड दुनळी असती तर एका हाताने ती अशी वळलीच नसती. वाघीण तेथेच गतप्राण झाली. मग कॉर्बेट परत फिरले आणि अंडी जागच्या जागी ठेवून आले. थोड्या वेळाने रातवा येऊन त्यांच्यावर बसला. ६४ बळी घेणारे जनावर मारल्यावर ज्याला दोन अंड्यांची आठवण राहते, त्याला नुसता शिकारी म्हणणे कठीण जाते.

म्हणून त्यांच्या हातून काही वावगे घडलेच नाही असे मात्र नाही. त्याच १९३० साली त्यांनी पवळगढचा प्रसिद्ध वाघ मारला. तो नरभक्षक नव्हता, केवळ अवाढव्य होता. कित्येक वर्षे अनेक शिकारी त्या मोठ्या कातड्यामागे होते, कॉर्बेटही होते. ही शिकार त्यांनी लपवलेली नाही, पुस्तकात लिहिली आहे. ती वाचताना मला आनंद झाला नाही. थोर माणसाचे चरित्र लिहिताना अशी पाने गाळून टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण ती पद्धत चांगली नव्हे.

त्यांच्या हातातली बंदूक मात्र हळूहळू खाली येत होती. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने काढलेली वाघांची छायाचित्रे पाहून त्यांनी कॅमेरा घेतला. ओढ्याकाठी लपून बसून, पाण्याच्या खळखळाटात यंत्राचा आवाज लपवून, त्यांनी वाघांचे चलच्चित्रण केले. वाघाचे कातडे एकालाच मिळते, चित्र मात्र सर्वांना पाहता येते, हा विचार त्यामागे होता. शाळांतून ते मुलांना जंगलाविषयी सांगत, पशुपक्ष्यांचे हुबेहूब आवाज काढून दाखवत. ८ ऑगस्ट १९३६ रोजी हिंदुस्थानातले पहिले राष्ट्रीय उद्यान कुमाऊँच्या पायथ्याशी स्थापन झाले, त्यामागे त्यांचे श्रम होते. तेव्हा त्याला गव्हर्नर हेली यांचे नाव होते. ३० नोव्हेंबर १९३८ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, वाघाचा आवाज काढून त्यांनी ठाकच्या नरभक्षक वाघिणीला सांजवेळी जवळ बोलावले आणि तिला मारले. नरभक्षकांच्या मागची त्यांची वणवण तेथे थांबली.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाड्यात त्यांनी ब्रह्मदेशाकडे निघालेल्या सैनिकांना जंगलात जगण्याचे शिक्षण दिले. आणि १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. साऱ्या जगात गाजलेले हे पुस्तक मुंबईतून निघाले, ही आपल्याला अभिमानाची बाब. पहिल्या आवृत्तीचे मानधन त्यांनी युद्धात अंध झालेल्या हिंदी सैनिकांच्या वसतिगृहाला दिले.

आणि मग १९४७ उजाडले. त्याच वर्षाच्या अखेरीस कॉर्बेट आणि त्यांची बहीण मॅगी, दोघेही अविवाहित, घर विकून केनियाला गेले. माझ्या मित्राला येथे बोट ठेवता येईल. ज्या देशावर इतके प्रेम, तो देश स्वतंत्र होताच सोडून का जावे? वय बहात्तर, पाठीमागे कोणी नाही, आणि नव्या राज्यात आपल्यासारख्यांचे काय होईल ही भीती. ती भीती खरी ठरली नसती, असे मला वाटते. छोटी हल्द्वानीच्या लोकांनी त्यांना कधी अंतर दिले नसते. १९१५ साली त्यांनी विकत घेऊन कुळांसाठी वसवलेले हे गाव. त्याच्याभोवती रानडुकरे येऊ नयेत म्हणून त्यांनी दगडी भिंत घातली होती. पुढे ती जमीन कसणाऱ्यांच्याच नावे झाली. पण राज्यकर्त्यांच्या रंगाची कातडी अंगावर असणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच कळणार. केनियातील न्येरी येथे बसून त्यांनी जे लिहिले त्यात हिंदुस्थानातील गरीब माणसांवर लिहिलेले पुस्तक आहे. देश सोडला, पण तो सुटला नाही. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथेच त्यांचे निधन झाले.

त्यानंतर काय घडले? स्वतंत्र भारताने हेलीसाहेबांचे नाव पुसून त्या उद्यानाला आधी रामगंगा आणि मग कॉर्बेट यांचे नाव दिले. इंग्रजांची नावे रस्त्यांवरून नि चौकांवरून उतरत होती त्या काळात हे नाव वर चढले! १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्पाचा प्रारंभ याच उद्यानात झाला. २०२२ च्या गणनेनुसार देशात सुमारे ३,६८२ वाघ आहेत, त्यांपैकी ४४४ आपल्या महाराष्ट्रात.

पण वाघबिबटे वाचले म्हणून प्रश्न संपलेला नाही. माझे गाव उसाच्या पट्ट्यात आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत बिबटे उसातच जन्मतात आणि उसातच वाढतात. माणसांवर हल्ले होतात, लहान मुले दगावतात. रात्रीच्या पाळीची वीज आली की पाणी द्यायला शेतात जावेच लागते. शहरातल्या माणसाला बिबट्या वाचावा असे वाटते, बांधावरच्या माणसाला आपले पोर वाचावे असे वाटते, आणि दोघेही बरोबर असतात. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ एक वाघीण मारली गेली, तेव्हा असाच वाद देशभर झाला. कॉर्बेट यांना या दोन्ही बाजू एकाच वेळी दिसत होत्या. ज्या आईचे मूल गेले तिच्या दारात ते बसले, आणि ज्या वाघिणीने ते नेले तिचा जबडा उघडून तिचे दु:खही त्यांनी पाहिले. दोष कोणाला द्यायचा हे ठरवण्याआधी कारण शोधायचे, हा त्यांचा धडा आजही वनखात्याला, पुढाऱ्यांना आणि आम्हा गावकऱ्यांनाही उपयोगी पडणारा आहे.

माझ्या मित्राला मी एवढेच सांगेन. कॉर्बेट यांच्या हाती जी बंदूक होती ती त्यांना गोरे म्हणून मिळाली, हे खरे. तीच बंदूक आमच्या माणसांच्या हाती नव्हती, हा अन्याय होता, हेही खरे. परंतु तशी बंदूक त्या काळी हजारो साहेबांजवळ होती. त्यांतल्या बहुतेकांनी तिने दिवाणखान्याच्या भिंती सजवल्या. या एकाने त्या बंदुकीच्या जोरावर डोंगरातल्या घरांचे अडसर काढले, आणि काम झाल्यावर ती खाली ठेवून कॅमेरा उचलला. गोडवे कोणाचेच गाऊ नयेत. पण ज्याच्या येण्याने आठ वर्षांनी एखाद्या घराचे दार रात्री उघडे राहिले, त्याचे नाव, चुकीचे का होईना, लोक लक्षात ठेवतात. कुमाऊँने ते ठेवले आहे.